सिंगापूरमधील हंसराज: एका नेच्याची लागवड आणि त्याचा अभ्यास

महाराष्ट्रात हंसराज या नावाने ओळखले जाणारे नेचे ‘अ‍ॅडिअँटम’ या प्रजातीत मोडतात. नेचे म्हणजे फुले, फळे आणि बिया यांवाचून केवळ बीजाणूंपासून, अर्थात धुळीसारख्या दिसणाऱ्या एकपेशीय कणांपासून, वाढणाऱ्या वनस्पती. त्यांच्यात हंसराज वेगळा ओळखू येतो तो काळ्या तुकतुकीत देठामुळे, पंख्याच्या किंवा अर्धचंद्राच्या आकाराच्या पातळ दलांमुळे आणि त्या दलांवर पाणी ठरत नाही या गुणामुळे. सह्याद्रीतील जांभ्या दगडाच्या दरडींवर आणि जुन्या विहिरींच्या बांधकामात पावसाळ्यात उगवणारी व पुढे कोरड्या दिवसांत वाळून जाणारी ‘अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स’ ही जाती मराठी वाचकाच्या परिचयाची असते, आणि आयुर्वेदातील हंसपदीशी तिचीच सांगड घातली जाते. विषुववृत्ताच्या उत्तरेस दीड अंशाच्या आत वसलेल्या, बारमाही पावसाच्या सिंगापूर बेटावर हंसराजाचे राज्य असावे अशी अपेक्षा सह्याद्री पाहिलेल्या माणसाने केली तर ती स्वाभाविक ठरेल. प्रत्यक्षात या बेटावरील सावलीच्या जागी, बागांच्या कडेने आणि रानांच्या सीमेवर आज सर्वाधिक आढळणारा हंसराज हा ‘अ‍ॅडिअँटम लॅटिफोलियम’ असून त्याचे मूळ घर उष्ण कटिबंधीय अमेरिकेत आहे. मलाया द्वीपकल्पातील चुनखडीच्या डोंगरांवर या प्रजातीच्या स्थानिक जाती वाढतात, परंतु सिंगापुरात चुनखडीचे डोंगर नाहीत आणि तेथील माती आम्लधर्मी आहे. त्यामुळे या बेटावरील हंसराजाचा इतिहास हा मुख्यतः माणसाने आणलेल्या, कुंडीत जोपासलेल्या आणि मग कुंडीबाहेर निसटलेल्या वनस्पतीचा इतिहास आहे. नेच्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्यायही याच बेटावर लिहिला गेला असल्याने लागवड आणि अभ्यास या दोन्ही धाग्यांचा एकत्र विचार करणे येथे इष्ट ठरते.

हंसराजासारखी नाजूक झाडे समुद्र ओलांडू लागली ती एका काचेच्या पेटीमुळे. लंडनमधील वैद्य नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बरणीत ठेवला असता त्या मातीत आपोआप एक नेचा आणि गवत उगवले. बरणीतील ओलावा दिवसा वाफ होऊन काचेवर साचतो आणि पुन्हा मातीत उतरतो, म्हणून झाडाला बाहेरून पाणी लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. या तत्त्वावर बनवलेल्या पेट्या १८३३ मध्ये नेचे भरून सिडनीकडे रवाना झाल्या, आणि वॉर्ड यांचे या विषयावरील पुस्तक १८४२ मध्ये निघाले. त्यापूर्वी जहाजाच्या डेकवर खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुसंख्य रोपे मरत. पेटीने हे गणित पालटले. पुढील दोन-तीन दशकांत इंग्लंडमध्ये नेचे गोळा करण्याचे आणि दिवाणखान्यात काचेखाली वाढवण्याचे असे वेड पसरले की लेखक चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये त्याला स्वतंत्र नावच दिले. या वेडात हंसराजाला मानाचे स्थान होते. बार्बाडोस बेटावरील फार्ली हिल येथून प्रसिद्धीस आलेला, झालरदार दलांचा ‘फार्लेयेन्स’ हा प्रकार तर विशेष नावाजला गेला. तो वांझ असल्याने, म्हणजे त्याला उपयोगी बीजाणू येत नसल्याने, केवळ गड्ड्याचे तुकडे करूनच वाढवावा लागे.

सिंगापूर हे या वनस्पतीवाहतुकीच्या वाटेवरचे ठाणे होते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिच १८२२ मध्ये सिंगापुरात आले असता त्यांच्या प्रोत्साहनाने या वसाहतीचे संस्थापक स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी गव्हर्नमेंट हिल, म्हणजे आजची फोर्ट कॅनिंग टेकडी, येथे पहिले प्रायोगिक उद्यान वसवले. जायफळ आणि लवंग यांसारख्या मसाल्यांच्या पिकांवर तेथे भर होता. पुरेशा आश्रयाअभावी ते १८२९ मध्ये बंद पडले. टांगलिन येथील सध्याच्या वनस्पती उद्यानाचा पाया १८५९ मध्ये एका कृषी व उद्यान संस्थेने घातला. त्यासाठीची जमीन सरकारने होऊ आह के या चिनी व्यापाऱ्याशी अदलाबदल करून मिळवली होती. ‘व्हॅम्पोआ’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या गृहस्थांची सेरंगून रस्त्यावरील स्वतःची बागही त्या काळी पाहण्यासारखी गणली जाई. लॉरेन्स निवेन यांनी आखलेले हे उद्यान आरंभी शोभेसाठी, फेरफटक्यासाठी आणि पुष्पप्रदर्शनांसाठी होते. कर्जात बुडालेल्या संस्थेने ते १८७४ मध्ये सरकारच्या स्वाधीन केल्यावर लंडनच्या क्यू उद्यानात शिकलेले जेम्स मर्टन १८७५ मध्ये अधीक्षक म्हणून आले आणि त्यानंतर क्यू, श्रीलंका, मॉरिशस, भारत व ऑस्ट्रेलिया येथील उद्यानांशी रोपांची देवघेव हा येथील कामाचा नित्य भाग बनला. १८७७ मध्ये याच मार्गाने आलेल्या रबराच्या बावीस रोपांनी मलायाचे अर्थकारण बदलले, म्हणून इतिहासकारांचे लक्ष त्यांच्यावर खिळून राहिले आहे. परंतु ज्या काचपेट्यांतून पैशाची पिके आली, त्याच प्रकारच्या पेट्यांतून शोभेचे नेचेही फिरले, आणि वसाहतीतील बंगल्यांच्या व्हरांड्यांत कुंड्यांच्या रांगा लागल्या त्या या दुसऱ्या, कमी गाजलेल्या प्रवाहामुळे.

या काळातील नेच्यांच्या अभ्यासाचा भारताशी असलेला संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. सिंगापूर, मलाक्का आणि पेनांग यांचा कारभार १८६७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे होता, आणि राजकीय ताटातूट झाल्यावरही शास्त्रीय ग्रंथांची चौकट भारतीयच राहिली. मद्रासच्या वनखात्यातील अधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नेच्यांच्या हस्तपुस्तकात ब्रिटिश हिंदुस्थान आणि श्रीलंका यांच्याबरोबर मलाया द्वीपकल्पाचाही समावेश होता, आणि सिंगापुरात नेचा ओळखू पाहणाऱ्याला बराच काळ त्याचाच आधार होता. १८८८ ते १९१२ या काळात सिंगापूर उद्यानाचे संचालक असलेले हेन्री निकोलस रिडली हे रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढण्याच्या पद्धतीमुळे ख्यातनाम झाले, तरी ते अथक वनस्पतीसंग्राहकही होते. त्यांचा मलाया द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील पाच खंडांचा ग्रंथ १९२२ ते १९२५ या काळात निघाला. परंतु त्यात केवळ बीजधारी वनस्पती होत्या, आणि नेच्यांची यादी त्यांनी १९२६ मध्ये स्वतंत्रपणे दिली. त्याच १९२२ साली मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयातील जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डि’आल्मेडा यांचे मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. कोकण आणि घाटमाथ्यावरील हंसराजाला त्यामुळे एक समर्थ संदर्भग्रंथ लाभला. सिंगापूरला त्या तोडीच्या ग्रंथासाठी आणखी तीन दशके थांबावे लागणार होते.

ते काम ज्यांच्या हातून व्हायचे होते ते रिचर्ड एरिक होल्टम याच १९२२ साली सिंगापुरात दाखल झाले. १८९५ मध्ये जन्मलेले होल्टम केंब्रिजचे पदवीधर आणि क्वेकर पंथाचे होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र हाती न घेता रुग्णवाहिका पथकात सेवा केली होती. रिडली यांच्या ग्रंथात नेचे नाहीत ही उणीव ओळखून तत्कालीन संचालक आयझॅक हेन्री बर्किल यांनी तरुण साहाय्यकाकडे नेच्यांचे काम सोपवले. १९२५ मध्ये होल्टम स्वतः संचालक झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांच्यापुढील अडचण समजण्यासाठी नेच्यांचे वर्गीकरण तोवर कसे होत असे, हे पाहावे लागेल. नेच्याच्या पानाच्या पाठीवर बीजाणू तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचे झुपके असतात आणि पुष्कळदा त्यांवर पातळ पापुद्र्याचे संरक्षक आवरण असते, ज्याला पुंजत्राण म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील विद्वान मुख्यतः युरोपात पाठवलेल्या, दाबून वाळवलेल्या पानांवर काम करीत. वाळलेल्या पानावर झुपक्याची जागा आणि पुंजत्राणाचा आकार या गोष्टी स्पष्ट दिसतात, म्हणून त्यांच्यावरच कुळे आणि प्रजाती उभ्या केल्या गेल्या. हंसराजाच्या बाबतीत ही रीत प्रजाती ओळखण्यापुरती उत्तम चालते. त्याच्या दलाची कड खाली दुमडून एक लहानशी घडी होते आणि बीजाणूंच्या पिशव्या थेट त्या घडीच्याच आतल्या अंगावर लागतात. कडेला दुमडणाऱ्या इतर नेच्यांत, उदाहरणार्थ ‘टेरिस’ प्रजातीत, घडी केवळ झाकण्याचे काम करते आणि पिशव्या मूळ पानावर असतात. एवढ्या एका खुणेवरून हंसराज जगात कोठेही ओळखता येतो. मात्र त्याचे नातलग कोणते, हा प्रश्न त्या खुणेने सुटत नाही, कारण कडेची घडी असंबद्ध घराण्यांतही स्वतंत्रपणे उद्भवू शकते.

होल्टम यांच्या पद्धतीचा विशेष असा की त्यांच्यासमोर झाडे जिवंत होती. उद्यानाच्या आवारात, बुकित तिमाहच्या रानात आणि द्वीपकल्पातील डोंगरांवर त्यांना एकच नेचा कोवळ्या गुंडाळलेल्या पानापासून जीर्ण पानापर्यंत पाहता येई; जमिनीवर किंवा जमिनीखाली आडवे वाढणारे खोड, ज्याला मूलक्षोड म्हणतात, त्याची रचना, त्यावरील खवले, शिरांची मांडणी, पानाचा मध्यदांडा कसा खोबणीदार आहे, अशी अनेक लक्षणे एकत्र तोलता येत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडल्यावर होल्टम आणि त्यांचे साहाय्यक एड्रेड कॉर्नर यांना बंदिवासात न पाठवता उद्यानातच काम चालू ठेवू देण्यात आले. आधी हिदेझो तानाकादाते आणि नंतर क्वान कोरिबा या जपानी शास्त्रज्ञांनी संस्थेचा कारभार पाहिला आणि ग्रंथालय व शुष्क नमुन्यांचा संग्रह जपला. शहरात उपासमार आणि दहशत असताना काही थोड्यांना मिळालेल्या या सवलतीचे मूल्यमापन सोपे नाही, आणि युद्धानंतर त्यावरून कटू चर्चाही झाली. तथापि प्रशासनाच्या ओझ्यातून सुटलेल्या होल्टम यांच्या हातून त्या तीन वर्षांत नेचे, ऑर्किड आणि आल्याच्या कुळातील वनस्पती यांवर जे मूलभूत लेखन झाले, ते त्या सवलतीविना झाले नसते, हेही तितकेच खरे आहे. १९४७ मध्ये त्यांनी नेच्यांच्या वर्गीकरणाची नवी मांडणी प्रसिद्ध केली. केवळ पुंजत्राणावरून एकत्र कोंबलेले जुने अवाढव्य कुळ तिने मोडले. १९४९ मध्ये ते सिंगापूर येथील मलाया विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि मलायातील नेच्यांवरील त्यांचा ग्रंथ पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बाहेर आला.

पुढे डीएनएच्या तुलनेतून हंसराजाचे नाते अधिक नेमके कळले. त्याचे सर्वांत जवळचे सगे म्हणजे ‘व्हिटेरिया’ गटातील नेचे, ज्यांची पाने फांद्यांवरून लोंबणाऱ्या अरुंद हिरव्या फितींसारखी दिसतात आणि ज्यांत ना काळा देठ असतो ना पंख्याची दले. या गटातील बहुतेक नेचे अपिवनस्पती आहेत, म्हणजे दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेऊन त्याचा रस न शोषता वाढणारे. आणि त्यांतील काही सिंगापूरचे अस्सल रहिवासी आहेत. बाहेरून आणलेला हंसराज कुंडीत जपणाऱ्या घराजवळच्या जुन्या वृक्षावर त्याचे स्थानिक भावंड ओळख न पटता लोंबत असू शकते, ही वस्तुस्थिती सिंगापूरच्या वनस्पतीसृष्टीतील अत्यंत मनोवेधक गोष्टींपैकी एक म्हणावी लागेल.

लागवडीचा विचार करताना हंसराजाचा स्वभाव नीट ध्यानात घ्यावा लागतो, कारण तो वरवर परस्परविरोधी वाटतो. त्याच्या दलावर पाण्याचा थेंब टिकत नाही, तरी कोरड्या हवेचा झोत लागताच तेच दल काही तासांत आक्रसते. मुळांना सतत ओलावा लागतो, तरी साचलेल्या पाण्यात ती कुजतात. निसर्गात तो झिरपणाऱ्या दरडीवर वाढतो, जेथे पाणी वाहते असते, मुळांना हवा मिळते आणि ऊन थेट पडत नाही. कुंडीत हीच परिस्थिती निर्माण करणे म्हणजे हंसराज वाढवणे होय. सिंगापुरात वर्षाकाठी एकवीसशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तापमान साधारण २४ ते ३२ अंशांच्या दरम्यान राहते, तेव्हा दमटपणाची चिंता कमी असते. चिंता असते ती अतिवृष्टीत चिकट चिकणमाती घट्ट बसण्याची. यावर मलाया आणि सिंगापूरच्या बागाईतदारांचा जुना उपाय म्हणजे भाजलेली माती. चिकणमातीची ढेकळे लाकडांबरोबर रचून मंद आगीत अनेक दिवस धुमसत ठेवली की ती रवाळ आणि सच्छिद्र होतात, त्यांतील तणांचे बी आणि कीड नष्ट होते, आणि पाणी निथळून जाऊनही ओल टिकते. होल्टम यांनी १९५३ मध्ये मलायातील सखल प्रदेशाच्या बागकामावर पुस्तक लिहिले, त्यात युरोपीय पुस्तकांवर विसंबणाऱ्या हौशी माणसाला स्थानिक हवा आणि स्थानिक माती समजावून देण्याचा प्रयत्न आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सिंगापूर गार्डनिंग सोसायटीच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. भूमध्य सागराच्या आसपास आणि इतरत्र चुनखडीच्या ओल्या कड्यांवर वाढणाऱ्या ‘अ‍ॅडिअँटम कॅपिलस-वेनेरिस’ या जातीसाठी कुंडीत जुन्या चुन्याचे तुकडे मिसळणे आम्लधर्मी मातीत हितावह ठरते. दक्षिण अमेरिकेतील ‘रॅडियानम’ या जातीला, जिचे असंख्य बागायती वाण बाजारात असतात, पानांचे कुजलेले खत आणि मोकळी माती पुरते.

बीजाणूंपासून हंसराज वाढवणे हे अधिक चिकाटीचे काम आहे. नेच्याच्या पानाखालची धूळ पेरली असता रोप उगवते, हे जमैकातील शल्यचिकित्सक जॉन लिंडसे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. पण मधल्या टप्प्याचे गूढ १८४८ मध्ये लेश्चित्स-सुमिन्स्की यांनी आणि १८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी उकलले. बीजाणू रुजून प्रथम नखाएवढी, पातळ, हृदयाकृती हिरवी चकती तयार होते. तिच्या खालच्या बाजूस नर आणि मादी अवयव येतात, नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीपर्यंत जाते आणि त्या मीलनातून खरा नेचा वर येतो. म्हणून पेरलेली कुंडी काचेने झाकून ठेवावी लागते आणि चकत्या दिसू लागल्यावर बारीक तुषारांनी भिजवावी लागते. पाण्याचा तो थर नसेल तर चकत्या महिनोन्महिने तशाच राहतात आणि एकही पान फुटत नाही. ‘फार्लेयेन्स’सारख्या वांझ प्रकाराला हा मार्ग मोकळा नसल्याने तो सदैव माणसाच्या हातावर अवलंबून राहिला.

१९६० मध्ये गृहनिर्माण मंडळाची स्थापना झाल्यानंतर सिंगापूरची बहुसंख्य वस्ती उंच इमारतींत गेली आणि हंसराजाची जागा अंगणातून सामायिक सज्जांत आणि खिडक्यांत आली. या स्थलांतराने त्याच्या लागवडीचे प्रश्न बदलले. उंचावरील सज्जात, विशेषतः ईशान्य मोसमी वाऱ्याच्या जानेवारी-फेब्रुवारीतील कोरड्या पर्वात, वारा सतत वाहतो. घरात ठेवावे तर वातानुकूलन यंत्र हवेतील ओलावा काढून घेते. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवण्याचा उपाय अन्यत्र सर्रास सुचवला जातो, पण सिंगापुरात तो अडचणीचा ठरतो, कारण डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच थाळ्यांत अंडी घालतो आणि १९६८ पासून डासांच्या उत्पत्तीला वाव देणे हा तेथे कायद्याने दंडनीय अपराध आहे. साहजिकच जाणते लोक कुंड्या दाटीने ठेवून परस्परांचा ओलावा टिकवतात, पसरट थाळीत पाणी न ठेवता ओली वाळू किंवा भाजलेल्या मातीचे खडे पसरतात, अथवा काचेच्या बंद भांड्यात रोप लावतात, म्हणजे वॉर्ड यांच्याच तत्त्वाकडे परततात.

१९६३ मध्ये सुरू झालेली वृक्षारोपणाची मोहीम आणि १९६७ मध्ये जाहीर झालेले उद्याननगरीचे धोरण यांनी शहरात सावली वाढवली, आणि सावलीबरोबर नेचेही वाढले. जुन्या भिंतींच्या चुन्याच्या सांध्यांत, महाराष्ट्रातल्याप्रमाणेच, चुना आवडणारा ‘टेरिस व्हिटाटा’ उगवतो. रस्त्याकडेच्या वर्षावृक्षांवर पक्षिघरट्याच्या आकाराचा ‘अ‍ॅस्प्लेनियम निडस’ बसतो. ‘अ‍ॅडिअँटम लॅटिफोलियम’ मात्र दुसऱ्याच रीतीने पसरला. त्याचे मूलक्षोड लांब आणि धावते असते. कुदळीने तोडलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवे रोप होऊ शकते, म्हणून बागेतील काडीकचऱ्याबरोबर तो सहज रानाच्या कडेला पोहोचतो आणि दाट गालिचा करून जमीन व्यापतो. दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, त्याने असेच बस्तान बसवले आहे. अ‍ॅन जॉन्सन यांनी सिंगापूर बेटावरील नेच्यांवर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका, जिची दुसरी आवृत्ती १९७७ मध्ये निघाली, आणि वी यिओ चिन यांचे १९८३ मधील पुस्तक यांनी हे नेचे ओळखण्याची विद्या संग्रहालयातून सामान्य वाचकाच्या हाती दिली. होल्टम यांच्या जाडजूड ग्रंथाइतकेच या लहान पुस्तकांचे मोल मानले पाहिजे.

घनदाट सावलीत हंसराज तग कसा धरतो, याचे उत्तर अलीकडे मिळाले आणि ते अपूर्व आहे. ‘अ‍ॅडिअँटम कॅपिलस-वेनेरिस’मध्ये एक असे प्रथिन आहे जे तांबडा आणि निळा असा दोन्ही प्रकाश एकाच रेणूने टिपते; जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९९८ मध्ये केले. इतर बहुतेक वनस्पतींत या दोन रंगांसाठी वेगवेगळी प्रथिने असतात. वरच्या पानांतून गाळून खाली आलेल्या क्षीण उजेडाकडे वळण्यास हे जोडप्रथिन उपयोगी पडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचे जनुक नेच्यांना स्वतःच्या पूर्वजांकडून मिळालेले नसून सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी हॉर्नवर्ट नावाच्या, शेवाळाच्या नात्यातील क्षुद्र वनस्पतींकडून आडव्या मार्गाने त्यांच्यात आले आहे.

सिंगापुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गॅलरीत हंसराज लावण्याची हौस असेल तर ती अवश्य करावी; फक्त जाती विचारून घ्यावी, ‘रॅडियानम’सारखी गड्डा करून राहणारी जाती निवडावी, आणि छाटलेली मुळे किंवा जुनी माती बुकित तिमाहसारख्या राखीव रानाच्या कडेला कधीही टाकू नये.